बेल-भंडारा आणि पावतीपुस्तक : एका तालमीच्या खजिनदाराचं प्रकरण

कोल्हापूरच्या जुन्या पेठेतली एक तालीम. आखाड्याची माती आता नावापुरती उकरली जाते. तालीम म्हणजे गणपती, शिवजयंती, फुटबॉलचा संघ आणि गल्लीत कुणी वारलं तर तिरडीपासून रक्षाविसर्जनापर्यंतची धावपळ. आषाढात त्र्यंबोलीची यात्रा झाली, नदीचं नवं पाणी टेंबलाईला वाहून आलं, की पुढच्या रविवारी गणपतीची बैठक बसते. त्या बैठकीत नवा खजिनदार निवडायचा होता.

नाव सुचवलं गेलं तात्यांचं. वय ६१, लेखा विभागातून निवृत्त. उभ्या आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, असं विरोधकही सांगतात. अध्यक्षांनी विचारलं, "हरकत?" कुणाची नव्हती. मग रीतीप्रमाणे तबक पुढं आलं. बेलाची पानं, त्यावर चिमूटभर भंडारा. दरवर्षी नवा खजिनदार तो उजव्या हातात उचलतो आणि म्हणतो, "पै न् पैचा हिशेब देईन, न दिल्यास देव बघून घेईल." तात्या म्हणाले, "हिशेब देईन. हे उचलणार नाही. मी देव मानत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे."

ठाऊक होतंच. चार वर्षांपूर्वी आई गेल्यावर त्यांनी देहदान केलं, दहावं-तेरावं घातलं नाही. "पिंडाला कावळा शिवायची वाटबी बघितली न्हाई," हे वाक्य गल्लीत अजून फिरतं. तरीही त्यांच्या हाती भिशीचे पैसे द्यायला कुणी कचरत नव्हतं. तबक पुढं आल्यावर मात्र मागच्या रांगेतून एक काकी बोलल्या, "जो देवाला भीत न्हाई, तो आमाला काय भिणार?"

या एका वाक्यावर बैठक मोडली. प्रकरण तिथून सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीनंतर पंधरा दिवसांनी, हिशेबाच्या बैठकीत संपतं. माणसं आणि रकमा अभ्यासासाठी रचलेल्या आहेत. रीत, कायदा, वह्या आणि चुका अशा मंडळांत असतात तशाच ठेवल्या आहेत.

काकींचं म्हणणं नीट ऐकलं तर

काकींना तात्यांचा राग नव्हता. त्यांनी एक व्यावहारिक प्रश्न विचारला होता: या माणसावर नजर कुणाची? आस्तिक माणसावर कुणी पाहत नसतानाही कुणीतरी पाहत असतं, असा सगळ्यांचा समज असतो, आणि तो समजच जामीन म्हणून चालतो. नास्तिकाकडे हा जामीनदार नाही. तो गैरसमज आहे की नाही ते पुढं बघू, पण त्याला नुसता द्वेष म्हणून बाजूला सारलं तर उपायही चुकतो.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हेच तपासलं. त्यांनी एका माणसाचं वर्णन दिलं. तो गाडी मागं घेताना उभ्या व्हॅनला धडकतो, लोक बघतायत म्हणून चिठ्ठी लिहिल्याचं नाटक करतो, कोरा कागद व्हॅनला खोचतो आणि निघून जातो. पुढं त्याला पैशाचं पाकीट सापडतं, तो पैसे काढून घेतो आणि पाकीट कचऱ्यात टाकतो. मग विचारलं, हा माणूस शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि अमुक असण्याची? गणिताच्या दृष्टीनं दुसरा पर्याय पहिल्यापेक्षा जास्त संभवणं शक्यच नाही. तरीही माणसं मनातल्या प्रतिमेशी जुळलं की दुसरा पर्याय निवडतात. 'ख्रिस्ती' किंवा 'मुसलमान' घातल्यावर ही चूक कमी झाली, 'नास्तिक' घातल्यावर भरपूर झाली. 'बलात्कारी' घातल्यावर जितकी झाली जवळपास तितकीच. याच धाटणीची चाचणी २०१७ मध्ये भारतासह १३ देशांत झाली, तेव्हा गोष्ट क्रूर खुन्याची होती. बहुतेक ठिकाणी कल तोच निघाला. आणि स्वतः देव न मानणाऱ्यांच्या मनातही तो सापडला. म्हणजे बैठकीत तात्यांच्या जागी दुसरा नास्तिक उमेदवार असता, तर खुद्द तात्यांच्या मनातही क्षणभर पाल चुकचुकली असती.

हा मनातला कल झाला, वागणुकीचा पुरावा नव्हे. वागणुकीबद्दल २०१४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांवर अभ्यास झाला. फोनवर दिवसातून अनेकदा विचारून त्यांची रोजची बरी-वाईट कृत्यं नोंदवून घेतली. धार्मिक आणि अधार्मिक यांच्यात चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लोकांनी ती स्वतःच सांगितलेली असल्यानं त्यावर फार मोठा मजला चढवू नये. पण काकींच्या वाक्यामागचं गृहीतक त्यातून सिद्ध होत नाही, एवढं खरं.

मागचा खजिनदार

आता त्या तबकानं आजवर नेमकं काय राखलं ते पाहू. मागच्या वर्षीचे खजिनदार मनापासून श्रद्धाळू. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी, चैत्रात जोतिबाला पायी. त्यांनी बेल-भंडारा उचलला होता. त्यांचा हिशेब एका वहीच्या पानावर मावला:

घरगुती वर्गणी ६४,३०० रुपये, दुकानं ४७,५००, दानपेटी १४,२१०, महाप्रसादाच्या लाडवाचा लिलाव ११,०००, स्वागतकमानीचे प्रायोजक ३०,०००. एकूण जमा १,६७,०१०. खर्च १,७१,४००. तूट ४,३९० रुपये, "खजिनदारांनी पदरची घातली." टाळ्या पडल्या.

पावतीपुस्तकं सहा छापली होती, प्रत्येकी ५० पावत्यांची. परत आली चार. तीन आणि पाच नंबरची पुस्तकं पोरांकडं राहिली, कुठल्या पोरांकडं ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. स्थळप्रती, म्हणजे पावती फाडल्यावर पुस्तकात उरणारे भाग, नाहीत म्हणजे त्या शंभर पावत्यांपैकी किती फाडल्या आणि किती पैसे आले, हे सांगायची सोयच नाही. वर्गणीचा क्यूआर कोड खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा. दानपेटीला एक कुलूप, एक किल्ली, आणि ती त्यांच्या जानव्याला नसली तरी करदोट्याला होती म्हणायला हरकत नाही. बँडवाल्याला रोख पैसे, पावती नाही.

यात चोरी झाली असं म्हणायला काडीचा पुरावा नाही. झाली नाही असं म्हणायलाही नाही, आणि मुद्दा तोच आहे. तूट दाखवणारा हिशेब कुणी तपासत नाही, कारण पदरचे घालणाऱ्यावर संशय घेणं पाप वाटतं. शपथेनं हिशेबाची जागा घेतली होती.

पहिल्या आठवड्यातल्या चुका

पहिली चूक तात्यांची. काकींनी पैशाबद्दल विचारलं आणि त्यांनी विश्वाबद्दल उत्तर दिलं. सात-आठ मिनिटं चार्वाकापासून सुरुवात करून ते बोलले. बुद्धिप्रामाण्य, भीतीवर उभी असलेली नीती, सगळं आलं. प्रत्येक शब्द त्यांच्या दृष्टीनं खरा, पण ऐकणाऱ्यांपर्यंत एवढंच पोचलं की हा माणूस आपल्याला अडाणी समजतो. "मी पैसे बँकेत ठेवेन आणि दर रविवारी फळ्यावर आकडा लिहीन" हे एक वाक्य पुरलं असतं, आणि ते निघालं नाही. निवृत्त लेखा कर्मचाऱ्याकडून हे व्हावं, याचं आश्चर्य वाटतं.

दुसरी चूक अध्यक्षांची. त्यांनी हात वर करायला सांगितलं: "शपथेशिवाय चालंल का न्हाई?" म्हणजे पदासाठी माणूस लायक आहे का, हा प्रश्न बाजूला पडून तुम्ही देवाच्या बाजूचे का, यावर मतदान झालं. देवाच्या मूर्तीखाली बसलेल्या बैठकीत त्याचा निकाल काय लागणार? २७ विरुद्ध ६. त्या सहांतले तिघे दुसऱ्या दिवशी तात्यांना येऊन म्हणाले, "आमी हात केला ते घरात सांगू नका."

तिसरी चूक मदतीला आलेल्यांची. तात्यांचा एक तरुण परिचित चळवळीतला. तो पत्रकं घेऊन आला आणि तालमीच्या कट्ट्यावर वाटली. संध्याकाळपर्यंत मोबाईलच्या ग्रुपवर फिरलं, "अंनिसवाले गणपती बंद पाडायला आलेत." महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून सांगत आली आहे की तिचा विरोध देवा-धर्माला नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे. नरेंद्र दाभोलकर ते व्याख्यानांत पुन्हा पुन्हा सांगत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही यात्रा, प्रदक्षिणा, पूजा यांना हात लावत नाही. पण कट्ट्यावर पत्रक वाचून हा फरक कळत नाही. तिथं फक्त बाजू कळते.

आणि एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोललं नाही. तात्यांची पत्नी शेजारणीला हळू आवाजात म्हणाल्या, "त्यांना म्हटलं, गप्प बसा. पानसरेअण्णांचं काय झालं ते याच गावात बघितलंय." गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या, २० फेब्रुवारीला ते गेले. त्यानंतर या शहरातली कितीतरी घरं आपल्या माणसाला 'नास्तिक' हा शब्द बाहेर वापरू नको म्हणून सांगतात. त्याचा एक परिणाम असा, की लोकांना आपल्या ओळखीतला सरळमार्गी नास्तिक दिसतच नाही, कारण तो बोलत नाही. दिसतो तो फक्त भाषण करणारा. २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे देशभरात ३३ हजारांच्या आसपास होते. खरी संख्या एवढीच असेल असं कुणी मानत नाही.

दोन अविश्वास, एका दोरीत गुंडाळलेले

तालमीचे जुने वस्ताद, वय ७८, यांनी आठवड्यानं मध्यस्थी घेतली. त्यांनी सभा बोलावली नाही. ज्यांचा विरोध होता अशा सात-आठ जणांकडं स्वतः गेले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: "तात्या खजिनदार झाला तर नेमकं काय बिघडंल? मला एक गोष्ट सांग."

उत्तरं दोन गटांत पडली. एक, पैसे खाईल. दोन, गणपती बिघडवेल. पहिलं म्हणणारे फक्त दोघे होते, काकी धरून. बाकी सगळ्यांची भीती दुसरी: पूजेला पैसे देणार नाही, होम बंद करील, मूर्ती नदीत न्यायला नको म्हणून इराणी खणीत, म्हणजे शहरातल्या जुन्या दगडखाणीच्या पाण्यात, विसर्जनाचा आग्रह धरील, डॉल्बीला अडवेल. (शेवटच्या दोन गोष्टी नास्तिकांच्या आधी महापालिका आणि पोलिसच सांगतात, हा भाग वेगळा.)

अशा प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडणारं काम हेच. 'विश्वास नाही' या दोन शब्दांत प्रामाणिकपणाबद्दलची शंका आणि हेतूबद्दलची शंका एकत्र बांधलेल्या असतात. पहिलीवर औषध म्हणजे तपासणी. दुसरीवर तपासणी चालत नाही, तिथं अधिकाराची हद्द आखावी लागते. पैसे खाईल म्हणणाऱ्याला हद्द दाखवून उपयोग नाही आणि गणपती बुडवेल म्हणणाऱ्याला फळ्यावरचे आकडे दाखवून उपयोग नाही.

दुसऱ्या शंकेत अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. तात्यांनी पूर्वी दोनदा होमाच्या खर्चावर बोट ठेवलं होतं.

कोल्हापुरात ही गुंतागुंत जरा जास्त आहे. शाहू महाराजांचं गाव, महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला ते वेदोक्त प्रकरण इथलं, १९११ मध्ये सत्यशोधक समाज इथं उभा राहिला. पुरोहिताला नकार देणं या गावात प्रतिष्ठेचं आहे. पुरोहिताशिवाय, सत्यशोधक पद्धतीनं लग्न लावलं तर कुणी नाव ठेवत नाही. पण सत्यशोधक निर्मिक, म्हणजे विश्वाचा निर्माता, मानतात. मध्यस्थ नको, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळं "पूजा सांगणारा नको" म्हणणारा इथं सुधारक ठरतो आणि "ज्याची पूजा तोच नाही" म्हणणारा परका. शब्दातही ते आहे. 'नास्तिको वेदनिन्दकः' असं मनुस्मृतीत आहे. नास्तिक म्हणजे व्यवस्था मोडणारा हा अर्थ जुना, देव नाही म्हणणारा हा अर्थ त्यामागून चिकटलेला. गल्लीत तो शब्द शिवीसारखा उच्चारला जातो तेव्हा पहिलाच अर्थ बोलत असतो.

तडजोडीचा मसुदा

शपथेचा प्रश्न नवा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं १६८९ मध्ये सहिष्णुतेची बाजू मांडतानाही नास्तिकाला वगळलं होतं, कारण त्याच्या शपथेला आधार नाही. ब्रिटनमध्ये नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये संसदेवर निवडून आले आणि शपथेच्या वादात १८८६ पर्यंत त्यांना सुखानं बसता आलं नाही. १८८८ मध्ये ईश्वराचं नाव न घेता दृढकथन करायचा कायदेशीर मार्ग खुला झाला. आपल्याकडं ही सोय संविधानातच आहे. तिसऱ्या अनुसूचीत 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो' असे दोन्ही पर्याय आहेत. १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणं न्यायालयातला साक्षीदारही शपथेऐवजी दृढकथन करू शकतो. खोटी साक्ष दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२९ दोघांना सारखंच लागतं, सात वर्षांपर्यंत कैद. म्हणजे कायद्यानं देवाला जामीन राहायला सांगितलेलं नाही, स्वतःच जामीनदार उभा केला आहे.

वस्तादांना हे कुणीतरी सांगितलं. त्यांची प्रतिक्रिया: "मग कोर्टात चालतंय ते तालमीत का चालंना?" ही दलील बैठकीत इतर सगळ्या दलीलींपेक्षा जास्त चालली. श्रद्धेवर वाद नाही, कोर्टाचा दाखला.

२०१२ मधला एक प्रयोग इथं जुळतो. कॅनडात काही जणांना पोलिसप्रमुखांच्या कामाच्या आढाव्याची चित्रफीत दाखवली, मग नास्तिकांबद्दल विचारलं. पोलिसांची आठवण ताजी असलेल्या श्रद्धाळूंचा नास्तिकांवरचा अविश्वास कमी भरला. नजर ठेवणारा दुसरा कुणी आहे हे जाणवलं, की देवाच्या नजरेची निकड कमी होते.

मसुदा एका पानाचा झाला. मजकूर असा:

"मी गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की, तालमीच्या प्रत्येक रुपयाची पावती, खर्चाचं व्हाउचर आणि बँकेची नोंद ठेवीन, दर रविवारी जमा-खर्च फळ्यावर लिहीन, अनंत चतुर्दशीनंतर पंधरा दिवसांत हिशेब मांडीन, आणि पूजा, मिरवणूक, विसर्जन यांबाबत समितीनं मंजूर केलेला खर्च माझं मत काहीही असलं तरी अदा करीन."

शेवटचं वाक्य दुसऱ्या शंकेसाठी. ते तात्यांना सर्वात जड गेलं. दोन दिवस घेतले आणि सही केली.

त्यासोबत कामाची पद्धत ठरली. सहा पावतीपुस्तकांची नोंदवही: पुस्तक क्रमांक, पहिला-शेवटचा अनुक्रमांक, कुणाला दिलं, तारीख, सही, परत आल्याची सही. रद्द पावती फाडून फेकायची नाही, स्थळप्रतीला टाचायची. क्यूआर कोड तालमीच्या खात्याचा. यात आठ दिवस गेले, कारण बँकेला ठराव, सह्यांचे नमुने आणि ओळखपत्रं हवी असतात, आणि जुन्या ठरावावरचे दोन सहीदार वारलेले होते. नोंदणी नसलेल्या मंडळानं वर्गणी गोळा करण्याआधी सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. ती इतकी वर्षं घेतलीच नव्हती, यंदा घेतली. धनादेशावर दोन सह्या. हातातली रोकड ५,००० च्या वर गेली की दुसऱ्या दिवशी बँकेत. दानपेटीला दोन कुलपं. एक किल्ली खजिनदाराकडं, दुसरी काकींकडं.

काकींची किल्ली ही वस्तादांची कल्पना. ज्याला शंका आहे त्याच्याच हातात नजर द्यायची. काकी आधी नको म्हणाल्या, मग किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली.

तबकाचं काय झालं

नव्या बैठकीत तात्यांनी मसुदा वाचला. तबक कोपऱ्यात तसंच होतं. क्षणभर पुन्हा तोच ताण आला, कुणीतरी पुटपुटलं, "रीत मोडली." वस्ताद उठले, तबक घेतलं आणि भंडारा नव्या रोजकीर्द वहीच्या पहिल्या पानावर ओतला. बेलाचं पान त्यात दाबलं, वही मिटली. "हात रिकामा असंना. वही तर देवापुढं आहे."

पान पिवळं झालं. पुढं महिनाभर त्या वहीत लिहिताना तात्यांच्या शर्टाच्या बाहीला हळद लागायची.

ही तडजोड बरी की वाईट, यावर मतं होतील. आमच्या मते चालण्यासारखी, कारण तात्यांच्या तोंडात खोटं वाक्य घातलं गेलं नाही आणि रीत मानणाऱ्यांना त्यांची रीत वहीवर करता आली. कच्चा दुवा एकच: पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणणार, "तात्यांनीबी भंडारा घेतलाच की." झालंही तसंच. म्हणून मसुद्याची प्रत सहीसह ठरावाच्या वहीत चिकटवून ठेवणं गरजेचं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं आहे की 'मला धर्म नाही' असं सांगण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. तो अधिकार शाबूत ठेवूनच जुळवून घ्यायचं असतं.

उत्सवात काय घडलं

प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी गुरुजींची दक्षिणा ५,१०० रुपये. तात्यांनी पाकीट आणि व्हाउचर दोन्ही पुढं केलं. गुरुजी म्हणाले, "दक्षिणेला सही?" आजूबाजूच्या पोरांनी श्वास रोखला. तात्या म्हणाले, "बँडवाल्यानंही केली, मांडववाल्यानंही. तुमची राहिली तर मला खाली बसवतील." गुरुजींनी सही केली. होमाचे ३,२०० रुपयेही असेच गेले. दुसरी शंका तिथं बरीच निवळली.

दानपेटी दोनदा उघडली. पहिल्यांदा ९,८६५, दुसऱ्यांदा १२,७३०. नाणी मोजायला काकी आणि शाळेतली चार पोरं, आकडा लगेच फळ्यावर.

हिशेबाच्या बैठकीत मांडलेली जमा: घरं आणि व्यक्ती ७८,४५०, दुकानं ५५,५००, दानपेटी २२,५९५, लाडू १३,०००, कमान ३०,०००. एकूण १,९९,५४५. तीनशेपैकी २०३ पावत्या वापरल्या: घरं आणि व्यक्ती १५८, दुकानं ३८, प्रायोजक २, लाडू १, रद्द ४. कोऱ्या ९७ परत. सहाही पुस्तकं हजर.

आणि इथंच नवी चूक झाली. सवयीनं तात्यांनी मागच्या वर्षाचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहिला. लेखा विभागात तो लिहावाच लागतो. फरक ३२,५३५. सभेत शांतता पसरली आणि सगळ्यांच्या नजरा मागच्या खजिनदारांकडं वळल्या. ते उठून म्हणाले, "नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्याला हा देव न मानणारा चोर ठरवतोय." रडवेले झाले होते.

त्यांचा आक्षेप रास्त होता. वाढीची कारणं अनेक: यंदा दुकानं जास्त मिळाली, क्यूआरमुळं बाहेरगावच्या मुलांनी पैसे पाठवले, पुस्तकं हरवली नाहीत. यातलं कुठलं कारण किती, हे मागच्या वर्षीच्या स्थळप्रतींशिवाय सांगता येत नाही. तुलनेचा रकाना हा पुरावा नसताना केलेला आरोप ठरला. पद्धत बदलते त्या वर्षी मागच्या वर्षाशी तुलना जाहीर करू नये. करायची तर दोन्ही खजिनदारांनी आधी एकत्र बसून कारणं लिहावीत. तात्यांनी तो रकाना सभेतच खोडला आणि माफी मागितली. ती स्वीकारली गेली, पण पूर्ण नाही.

काय बदललं, काय नाही

पैशाची शंका गेली. काकी आता दुसऱ्या गल्लीत सांगतात, "आमचा नास्तिक हाय, पण हिशेबाला पक्का." या 'पण'वर विचार करण्यासारखं आहे. माणूस अपवाद म्हणून मान्य झाला. 'नास्तिक' शब्दाची पत होती तिथंच राहिली. अकरा घरांनी यंदा वर्गणी मुद्दाम जुन्या खजिनदारांच्या हातात दिली. त्यांनी ती नियमानं पावती फाडून जमा केली, हेही नोंदवलं पाहिजे.

पैशाबाहेर काहीच हललं नाही. दिवाळीनंतर तात्यांच्या धाकट्या मुलीचं जमत आलेलं स्थळ मोडलं. निरोप आला, "घर चांगलंय, पण देवघर न्हाई म्हणे." अमेरिकेत २००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञांनी विचारलं होतं, तुमच्या मुलानं अमुक गटातल्या व्यक्तीशी लग्न केलं तर तुम्हाला नापसंत होईल का? नास्तिकाबद्दल ४७.६ टक्के हो म्हणाले, मुसलमानाबद्दल ३३.५ टक्के. तिथं आणि इथं तोच उंबरा आडवा येतो: तिजोरीची किल्ली देता येते, लेक देता-घेता येत नाही. यावर दोन कुलपं आणि फळा हे उत्तर नाही, आणि वस्तादांनीही त्यात हात घातला नाही.

पुढच्या आषाढात खजिनदार म्हणून एका २६ वर्षांच्या पोराचं नाव आलं, अंबाबाईच्या किरणोत्सवाला न चुकता जाणारा. त्यानं बेल-भंडारा उचलला. तबक खाली ठेवतोय तोच काकींनी मंगळसूत्रातली किल्ली चाचपली आणि विचारलं, "आणि ते तात्यावालं पान? त्यावर कोण सही करणार?"